मुलीसाठी काही दाखवा

आमचं खेळण्यांचं दुकान टोपी बाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत आहे. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्याआधी आमच्या घरात कोणी दुकान चालवलं नव्हतं. पणजोबांपर्यंत सगळे फौजेत, मग आजोबा सरकारी कचेरीत. त्यामुळे या हिंदी भाषक शहरातल्या मराठी मंडळींत आमची ओळख 'ते खेळणीवाले' अशी झाली, आणि ती फार कौतुकाने सांगितली जायची असं नाही. मी विज्ञान शिकले, एका खासगी शाळेत शिकवायला लागले. गल्ल्यावर बसायचं माझ्या मनातही नव्हतं. मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं जड झालं. नवरा नोकरीसाठी भोपाळला असतो, सुट्टीला घरी येतो. मला भाऊ नाही, बहीण नाही. 'थोडे दिवस मी पाहते' असं म्हणून मी दुकानात बसले. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

दुकानाने मला शाळेपेक्षा जास्त दमवलं. शाळेत निदान तासागणिक विषय बदलतो, वर्ग बदलतो. इथे सकाळी शटर वर गेल्यापासून एकच वाक्य ऐकायचं. 'लड़की के लिए कुछ दिखाइए.' किंवा 'लड़के के लिए.' आणि कोणी नुसतं 'खिलौना दिखाइए' म्हणालं, तर माझ्याच तोंडातून आपोआप निघायचं, 'लड़का है कि लड़की?' हे विचारल्याशिवाय हातच हलत नसे, कारण दुकानच तसं लागलेलं होतं. डावी भिंत गुलाबी, उजवी निळी-लाल. ही मांडणी कोणी ठरवून केली नव्हती. डबे तशा रंगांत येत गेले, आम्ही सारख्याला सारखं लावत गेलो आणि भिंती रंगत गेल्या. डावीकडे बाहुल्या, स्वयंपाकघरं, लुटुपुटूचे मिक्सर, इस्त्री, आरशाच्या पेट्या, एक छोटा झाडू-पोछ्याचा सेटसुद्धा. उजवीकडे गाड्या, क्रेन, बंदुका, डॉक्टरची पेटी, दुर्बीण, जोडाजोडीचे संच. पोरी आत आल्या की डावीकडे वळायच्या, पोरं उजवीकडे. त्यांना कुणी सांगायला लागत नव्हतं.

मी स्वतः अशी वाढले नाही, यात कोणाचं मोठेपण नव्हतं. दुकानदाराच्या मुलीला नवं खेळणं मिळत नाही. जे फुटकं निघतं, परत येतं, विकलं जात नाही, ते तिच्या वाट्याला येतं. माझ्याकडे एका चाकाने कमी असलेला ट्रक होता, एका डोळ्याची बाहुली होती, शिट्टी गेलेलं इंजिन होतं. बाहुली ट्रकमध्ये बसायची, कारण दुसरीकडे तिला ठेवायला जागाच नव्हती. हे मुलांचं आणि ते मुलींचं, हे मला दुकानात बसायला लागल्यावर नीट कळलं. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते.

एका वर्षी दिवाळीच्या आधी दुकानात एक बाई तिच्या भाचीला घेऊन आली. बाईला मी ओळखत होते. इंदरगंजच्या एका बँकेत काम करते, गणपतीत आमच्या मराठी मंडळात भेट होते. भाची सहा-सात वर्षांची, दोन पोनीटेल, पुढचा एक दात पडलेला.

"तुला जे पाहिजे ते घे," आत्या म्हणाली. "मी देऊन राहिले ना, मग काय? पैशाचं नाही पाहायचं."

आमच्याकडचं मराठी असंच आहे. पुण्याचे नातेवाईक हसतात, आम्ही हसू देतो.

पोरगी आधी सवयीने डावीकडे गेली. मग कोण जाणे कशी, उजवीकडे आली आणि दातेरी चाकांच्या संचापुढे थांबली. एक चाक फिरवलं की बाकीची सगळी फिरतात, तो संच. डब्याच्या झाकणाला छोटी खिडकी होती, तिच्यातून चाकं दिसायची. ती त्या खिडकीला नाक लावून बराच वेळ पाहत राहिली. मी डबा काढून तिच्या हातात दिला. तिने तो पोटाशी धरला, हलवून आवाज ऐकला, उलटा केला, सुलटा केला. मग झाकणावरच्या फोटोकडे पाहिलं, आणि डबा मला परत दिला.

"का गं? नाही आवडला?" मी विचारलं.

"आवडला. पण हे माझं नाही. यावर मुलगा आहे."

आत्या म्हणाली, "अगं, काही नाही होत. घे ना."

मीही शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाले, "मुलीपण खेळतात याने. खूप मुली खेळतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत असताना, मी एखादी गोष्ट नीट माहीत नसताना सांगितली की पोरं असंच पाहायची. ती म्हणाली, "मग त्यांचा फोटो का नाही काढला?"

आत्याने पुन्हा एकदा आग्रह केला, पण पोरीने ठाम मान हलवली. शेवटी तिने एक आरशाची पेटी घेतली. तिच्यात खोटी लिपस्टिक, खोटा कंगवा, नेलपॉलिशची छोटी बाटली आणि बटण दाबलं की घरघर करणारं केस वाळवायचं यंत्र होतं. झाकणावर एक मुलगी हसत होती. पोरगी खुशीत गेली. कोणी तिला अडवलं नव्हतं, कोणी रागावलं नव्हतं, नको म्हणालं नव्हतं. मला तेच जास्त लागलं. कोणी नाही म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं.

दुपारी बाबा दुकानात आले. झटक्यानंतरही ते रोज जेवण झाल्यावर रिक्षाने यायचे आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, "आधी... डबे... नव्हते." पुढचं मला माहीत होतं. आधी सगळं सुतळीला टांगलेलं असायचं. पोरं हात लावायची, वाजवायची, पाडायची, बाबा ओरडायचे. त्यांना तो काळ फार गोड वाटतो. मला तितका वाटत नाही. तेव्हाही भातुकली पोरींनाच जायची. पण भोवऱ्यावर कोणाचा फोटो नसायचा, हे खरं.

त्या आठवड्यात माल घेऊन एजंट आला. मी त्याला म्हणाले, "भैया, ये गियर वाला सेट ऐसा नहीं मिलेगा जिस पर लड़की की फोटो हो?"

"अरे मैडम, बिल्कुल मिलेगा," तो आनंदाने म्हणाला. "गर्ल्स वाला अलग आता है."

पुढच्या फेरीत त्याने तो आणला. डबा गुलाबी, झाकणावर मुलगी. मी लगेच उघडला, काउंटरवर ओतला. आत एकही दातेरी चाक नव्हतं. ठोकळे होते, त्यांतून ड्रेसिंग टेबल करता येत होतं, फुलांची टोपली करता येत होती, ओटा आणि सिंक करता येत होतं. काहीच फिरत नव्हतं.

"इसमें तो गियर ही नहीं हैं," मी म्हणाले.

"लड़कियों को इतना ही चलता है मैडम. ज़्यादा पार्ट होंगे तो बोर हो जाएँगी."

"किसने कहा?"

"कंपनी ने," तो म्हणाला, आणि खरंच त्याला वाटलं की त्याने उत्तर दिलं आहे. तो वाईट माणूस नाही. त्याला दोन मुली आहेत, दोघींचे फोटो त्याच्या मोबाइलच्या मागे लावलेले असतात. मी वाद घातला नाही. माझ्या डोक्यात मात्र तो रिकामा, न फिरणारा संच काही दिवस राहिला.

दिवाळी संपल्यावर बाजार थंडावतो. त्या सुस्त दिवसांत मी दुकान उलटं केलं. दोन्ही भिंती रिकाम्या केल्या आणि सगळं वयाप्रमाणे लावलं. लहानांचं खाली, मोठ्यांचं वर. बाहुलीच्या शेजारी क्रेन, मिक्सरच्या शेजारी दुर्बीण. मधल्या मोठ्या काउंटरवरून डबे हटवले आणि खेळणी उघडी ठेवली. दातेरी चाकांचा संच बाबांनी जोडला. एका हाताने, डाव्या. चाक खिळीवर बसायचं नाही, निसटून खाली जायचं, ते मला हाक मारायचे, मी वाकून उचलून द्यायचे. बऱ्याच दुपारी यात गेल्या. जोडून झाल्यावर त्यांनी पहिलं चाक बोटाने ढकललं, सगळी फिरली, आणि ते लहान पोरासारखे माझ्याकडे पाहायला लागले. त्या दिवशी मला वाटलं, आपण काहीतरी बरं केलं.

मग गिऱ्हाइकं यायला लागली.

"लड़कियों वाला सेक्शन किधर है?"

"अलग नहीं है भाईसाहब. उमर बताइए, उसे क्या अच्छा लगता है बताइए."

"अरे लड़की है. जो लड़कियों को अच्छा लगता है."

रोज हेच. आधी मी एक प्रश्न विचारायचे आणि हात पुढे करायचे. आता प्रत्येकाला समजावून सांगायचं. काही हसायचे, काही 'वाह मैडम' म्हणून शेवटी बाहुलीच न्यायचे, काही उंबऱ्यावरूनच आत पाहून गोंधळायचे आणि पुढच्या दुकानात शिरायचे. कोणी मुलासाठी आलं आणि चुकून मी स्वयंपाकघराचा संच पुढे केला, तर बाप असा मागे सरकायचा की जणू मी त्याच्या अंगावर पाणी टाकलं. एक दिवस एका माणसाने हात जोडले. म्हणाला, "मैडम, खिलौना दे दीजिए बस. भाषण घर पे वाइफ से सुन लेंगे." दुकानातली सगळी हसली. मीपण हसले. घरी गेल्यावर घसा बसलेला होता.

थंडीत एक बाई 'रिटर्न गिफ्ट' घ्यायला आली. वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक मुलाला घरी जाताना काही द्यायचं, ही पद्धत आता आमच्याकडेही घट्ट झाली आहे आणि दुकान बरंचसं त्यावर चालतं. तिच्या मुलीचा वाढदिवस होता. मुलांसाठी गाड्या आणि मुलींसाठी हेअरक्लिपचे सेट, असं ती ठरवूनच आली होती. मी तिला चावीची गाडी स्वतः जोडायचा एक छोटा संच दाखवला आणि म्हणाले, "सबको एक ही दे दीजिए ना. बच्चे आपस में झगड़ेंगे भी नहीं." ती विचारात पडली. मग तिने एक संच उघडायला लावला, स्वतः गाडी जोडली, चावी दिली आणि काउंटरवर सोडली. गाडी घसरत जाऊन बाबांच्या पायाशी थांबली. ती खळखळून हसली. म्हणाली, "ठीक है, सबको यही." मला इतका आनंद झाला की मी आवेष्टनाचा कागद माझ्याकडचा लावून दिला.

वाढदिवसानंतर ती पिशवी घेऊन परत आली. पिशवीत मुलींना दिलेले बरेचसे संच होते.

"बदल दीजिए प्लीज़," ती म्हणाली. "क्लिप वाले दे दीजिए."

"मुलींना नाही आवडलं?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. तिला कळलं.

"बच्चियों को तो पता नहीं. खोले ही नहीं किसी ने. मम्मियों के फ़ोन आ गए. एक बोली गलती से लड़कों वाला आ गया, एक बोली क्लिप कम पड़ गए थे क्या. सासू माँ अलग नाराज़ कि इज़्ज़त चली गई." ती स्टुलावर बसली. तिचे डोळे लाल होते, झोप न झाल्यासारखे. "मुझे तो सच में अच्छा लगा था. पर किस-किस को समझाऊँ? आप ही बताइए."

मी तर दिवसभर तेच करत होते आणि मला त्यातून काही मिळालं नव्हतं. मी क्लिपचे सेट मोजून दिले. आम्ही दोघींनी चहा घेतला. जाताना तिने एक गाडीचा संच पिशवीतून परत उचलला, म्हणाली, "ये एक रहने दीजिए, मेरी वाली के लिए," आणि पर्समध्ये सरकवला.

त्या दिवसानंतर माझा जोर ओसरला. मी भाषण देणं सोडलं.

घरी वेगळंच चाललं होतं. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिला मी सगळं दिलं होतं, चुंबक, भिंग, स्क्रूड्रायव्हरचा सेट, पतंग, बाहुल्याही. ती सगळ्याशी खेळायची आणि सगळं पलंगाखाली ढकलून द्यायची. तिला हवी होती ती आरशाची पेटी, घरघरणाऱ्या यंत्राची. मी टाळत होते. एक दिवस ती भडकली.

"आई, दुकान आपली आहे आणि मलाच नाही मिळत! क्लासमध्ये सबके पास है यार."

"दुकान आपलं," मी म्हणाले.

"हां तेच. तू त्या आंटींना विकती ना? मग मला का नाही देत? मी काय खराब होऊन जाणार आहे?"

मी इतकी थकलेली होते की दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन आले. हरल्यासारखं वाटलं. तिने ती उघडली, आरसा भिंतीला टेकवला आणि जो समोर होता त्याला गिऱ्हाईक केलं. समोर बाबा होते.

बाबांच्या उजव्या हाताची बोटं झटक्यापासून मुठीत वळलेली असायची. व्यायाम शिकवायला माणूस यायचा, त्याला ते हात लावू द्यायचे नाहीत, दुखतं म्हणून ओरडायचे. नातीने डाव्या हाताला नेलपॉलिश लावलं आणि मग म्हणाली, "आजोबा, दुसरा हात." त्यांनी तो मांडीवरून उचलून डाव्या हाताने तिच्यापुढे ठेवला. तिने एकेक बोट उलगडलं. सावकाश, जीभ बाहेर काढून. ते कण्हले, पण हात ओढला नाही. "हलायचं नाही हं, पसरेल," ती दटावत होती, आणि वाळेपर्यंत बोटं तशीच ताणून ठेवायची, असा तिचा नियम होता. मी दारात उभी राहून पाहत होते. काय वाटायला पाहिजे, ते मला ठरवता येईना.

हे रोजचं झालं. रंग रोज काढायचा, रोज लावायचा. बोटं फार सुधारली असं नाही, पण तळहात धुता यायला लागला, नखं कापता यायला लागली. बाबा दुकानात गुलाबी नखांनी बसायचे. गल्लीतले लोक चिडवायचे. "बाबूजी, शादी है क्या?" बाबा हात वर करून दाखवायचे.

हळूहळू भिंती परत रंगल्या. मी एका दिवसात नाही केलं ते. डबे येत गेले, घाईत जिथे जागा दिसेल तिथे सारख्याला सारखं लागत गेलं, जसं पहिल्यांदा लागलं होतं. मी पाहत होते आणि थांबवत नव्हते. मधला काउंटर तेवढा राहिला आहे. तिथे डबे नाहीत. पोरं येतात, चाकं फिरवतात, आया ओढून नेतात. कधीकधी कोणी पोरगी तिथून काही उचलते आणि घेऊनही जाते. डब्याशिवायच देते मी.

मागच्या महिन्यात मला ताप होता. मी काउंटरवर डोकं टेकून बसले होते. एक तरुण बाप आला, घाईत, हेल्मेट डोक्यावरच. "बिटिया का बर्थडे है. कुछ अच्छा सा दे दो."

मी उठणार, तेवढ्यात बाबांनी खुर्चीतून विचारलं, "क्या... करती है... वो?"

"जी?"

"दिन... भर. क्या... करती है?"

त्या माणसाने हेल्मेट काढलं. "स्कूल जाती है," तो म्हणाला. मग थांबला. "खेलती है. पता नहीं अंकल, मैं तो शाम को आता हूँ." बाबा त्याच्याकडे पाहतच राहिले. त्यांना बोलायला वेळ लागतो, म्हणून लोक वाट पाहतात. त्यांना वाटतं अजून काही येणार आहे. यात त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्याने खिशातून मोबाइल काढला आणि घरी लावला.

"बेटा, क्या चाहिए तुझे? नहीं नहीं, सच में. दुकान पे खड़ा हूँ."

पलीकडून बारीक आवाज आला. तो ऐकत राहिला, मग आमच्याकडे वळला. "ताला माँग रही है. असली वाला. चाबी वाला."

"ताला?" मी म्हणाले.

"कह रही है अपने डिब्बे में लगाएगी. खिलौने वाला नहीं चाहिए." तो हसायला लागला, पण गोंधळलेलाही होता. "ऐसा कुछ है आपके यहाँ?"

नव्हतं. इतक्या मोठ्या दुकानात, दोन्ही भिंतींवर, तसं काही नव्हतं. मी त्याला कुलपांची दुकानं कुठे आहेत ते सांगितलं. बाड्याच्या चौकाकडे निघायचं, मग उजवीकडची गल्ली. तो थँक्यू म्हणून हेल्मेट हातातच घेऊन गेला.

बाबा खूश दिसत होते. मी म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं, बाबा."

"जाऊ... दे," ते म्हणाले.

मी पुन्हा डोकं टेकवलं. समोर एक बाई दोन पोरांना घेऊन पायरी चढत होती.